प्रयोगशाळेचा आराखडा फक्कीने मैदानावर आखणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या हायस्कूलची नवी विज्ञान प्रयोगशाळा या सत्रापासून रोजच्या वापरात आली आहे. तिच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवली, संस्थेने एक मोठी खोली मोकळी करून दिली, गवंडी, सुतार आणि वायरमन यांनी मन लावून काम केले. या सर्वांचे आभार उद्घाटनाच्या कार्यक्रमात मानले गेले. तुम्ही मात्र व्यासपीठावर येण्यास नम्रपणे नकार दिलात आणि शेवटच्या रांगेत मुलांमध्ये बसून राहिलात. तुमच्याविषयी जे बोलायचे होते ते त्यामुळे राहून गेले. ते या जाहीर पत्रातून लिहीत आहे, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील ज्या मराठी शाळा पुढे प्रयोगशाळा बांधतील, त्यांनाही तुम्ही नेमके काय केलेत हे कळावे अशी माझी इच्छा आहे.

तुम्ही बेळगावच्या एका महाविद्यालयातून प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून निवृत्त झालात. द्रावणे तयार करणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे, फुटलेल्या काचसामानाची नोंद ठेवणे आणि प्रात्यक्षिक संपल्यावर ओटे पुसणे यांत ज्याची नोकरी गेली, त्याला प्रयोगशाळेत कुठे गर्दी होते, कुठे सांडते आणि कुठे पोळते हे जितके ठाऊक असते तितके इतर कोणाला क्वचितच असेल. आमच्याकडे आधी तयार झालेला आराखडा कागदावर नेटका दिसत होता. त्यात तीन भिंतींना लागून कडप्प्याचा ओटा, मधोमध बाके, समोर फळा आणि शिक्षकांसाठी चौथरा होता. तुम्ही तो नीट पाहिलात, घडी घालून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "बाई, आधी प्रयोग सांगा, खोली नंतर बघू."

त्या दुपारी आपण आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांतील प्रयोगांची यादी केली आणि प्रत्येक प्रयोगापुढे चार गोष्टी लिहिल्या: पाणी लागते का, ज्योत लागते का, धूर होतो का, अंधार लागतो का. ओहमच्या नियमाला कोरडे टेबल आणि काही बॅटऱ्या एवढेच पुरते, तिथे नळाचे काहीच काम नाही. पानाच्या सालीतील पर्णरंध्रे पाहायची तर सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर खिडकीतला उजेड पडला पाहिजे. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढताना दूरच्या झाडाची प्रतिमा पडद्यावर घ्यावी लागते, म्हणजे एका तरी खिडकीतून लांबवर मोकळे दिसले पाहिजे. प्रिझममधून जाणारा किरण तपासताना मात्र तीच खिडकी झाकता आली पाहिजे. लेड नायट्रेट तापवले की नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी, घातक धूर निघतो, म्हणून त्या एका प्रयोगासाठीही धूर बाहेर नेणारे काचेचे कपाट हवे. ही यादी हाती आल्यावर ओले काम कुठे, कोरडे कुठे आणि ज्योत कुठे हे जवळजवळ आपोआप ठरले. इतकी वर्षे मी विज्ञान शिकवते आहे, पण अभ्यासक्रमाकडे बांधकामाच्या नजरेने पाहता येते हे तुमच्याकडून शिकले.

त्यानंतरचा शनिवार आमच्या मुलांच्या चांगलाच लक्षात राहिला आहे. कबड्डीचे मैदान आखायला जी फक्की वापरतात तीच घेऊन तुम्ही मैदानावर संपूर्ण खोली खऱ्या मापाने आखलीत. भिंती, दारे, खिडक्या, टेबले, नळ, सारे पांढऱ्या रेघांनी उमटले. टेबलांच्या जागी वर्गातली बाके आणून ठेवली आणि मग दहावीच्या २४ मुलामुलींना त्यात उभे केलेत. कोणाच्या हातात पाण्याने भरलेले चंचुपात्र, कोणाच्या हातात परीक्षानळ्यांची घोडी, कोणाला नळाकडे पाठवले, कोणाला कपाटाकडे. पाण्याची भांडी घेतलेल्या दोन मुली दाराजवळच्या नळापाशी थांबल्या, त्यांच्यामागे आणखी चौघे थांबले आणि बाहेर पडण्याची वाट बंद झाली. तुम्ही काही न बोलता पायाने ती रेघ पुसलीत आणि नळ समोरच्या भिंतीवर नेलात. दुसरे दारही तिथेच ठरले, आणि दोन्ही दारे बाहेरच्या बाजूला उघडतील हेही.

भिंतीकडे तोंड करून उभी असलेली मुले शिक्षकाला पाठमोरी दिसतात, त्यांच्या हातात काय चालले आहे ते कळत नाही, हे तुम्ही त्याच वेळी दाखवलेत. म्हणून टेबले भिंतीपासून आडवी खोलीत काढली, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन मुले समोरासमोर उभी राहतात, पाणी आणि वीज भिंतीतूनच टेबलाच्या टोकापर्यंत येते आणि मधल्या वाटेवरून चालताना मला प्रत्येकाचे हात दिसतात. दोन टेबलांमध्ये दीड मीटर अंतर ठेवले, कारण दोन मुले पाठीला पाठ लावून काम करत असताना तिसऱ्याला गरम भांडे घेऊन मधून जाता आले पाहिजे. टेबलाची उंची ठरवताना तुम्ही आठवीतल्या सर्वांत लहान चणीच्या मुलीला आणि दहावीतल्या सर्वांत उंच मुलाला बोलावलेत, बाकांवर फळ्या रचून दोघांच्या कोपराशी माप घेतलेत आणि ८५ सेंटीमीटरवर थांबलात. एक टेबल ७५ सेंटीमीटर उंचीचे आणि खाली गुडघ्यांना मोकळी जागा ठेवून करायला लावलेत. चाकाच्या खुर्चीवर बसणारे मूल आज आमच्या शाळेत नाही. "उद्या आलं तर त्याला ओटा तोडून देणार का?" असे तुम्ही विचारलेत तेव्हा प्रयोगशाळेसाठी नेमलेल्या समितीतील कोणालाही त्यावर वेगळे काही म्हणायचे नव्हते.

कडप्प्याची गोष्ट तर मी आता दरवर्षी आम्लांच्या धड्यात सांगणार आहे. आपल्या भागात घराघरांतल्या स्वयंपाकाच्या ओट्याला कडप्पा असतो, तो स्वस्त मिळतो आणि गवंड्यांच्या हातचा आहे, म्हणून समितीने तोच धरला होता. तुम्ही दुकानातून त्याचा एक तुकडा आणि ग्रॅनाइटचा एक तुकडा मागवलात, दोन्हींवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकलेत आणि सगळ्यांना वाकून पाहायला सांगितलेत. ग्रॅनाइटवर थेंब तसाच चमकत राहिला. कडप्प्यावर बारीक बुडबुडे फसफसले आणि पुसल्यावर त्या जागेची झिलई गेलेली दिसली. कडप्पा हा काळा चुनखडक, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाशी त्याची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे मी फळ्यावर कितीदा तरी लिहिले आहे. त्या दिवशी समितीच्या सदस्यांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि खर्चाचा वाद तिथेच संपला. ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे बेळगावच्या व्यापाऱ्यांकडे कमी दरात मिळतात, टेबलाच्या मापाला ते पुरतात, हेही तुम्हीच शोधून दिलेत, आणि उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी सांगाडे करून घेतलेत.

एवढ्यावर ते थांबले नाही. आधी आणून ठेवलेला कडप्पा परत जाणार नव्हता. त्याचे तुम्ही खडे करून घेतलेत आणि बेसिनचे सांडपाणी जिथे जाते त्या खड्ड्यात भरलेत, म्हणजे जे आम्ल ओट्याला खाणार होते तेच आता गटारात पोहोचण्यापूर्वी त्या खड्यांवर उदासीन होते. आमच्या शाळेचे पाणी उताराने भातशेताकडे जाते आणि पुढे मलप्रभेलाच मिळते, त्यामुळे ही व्यवस्था मला सर्वांत मोलाची वाटते. सल्फ्युरिक आम्लामुळे खड्यांवर जिप्समचा थर धरतो आणि मग ते काम करत नाहीत, म्हणून ते अधूनमधून काढून घासावे किंवा बदलावेत, हेही तुम्ही भिंतीवर लिहून ठेवलेत. शिसे आणि तांबे यांची संयुगे या खड्यांच्या भरवशावर सोडायची नाहीत, ती वेगळ्या बरणीत जमा करायची, हा नियम मुले आता एकमेकांना बजावतात.

खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूने येणारी झड पश्चिमेच्या भिंतीला झोडपते, म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांवर रुंद छज्जे घेतले आणि धूर बाहेर टाकणारा पंखा पूर्वेच्या भिंतीत बसवला, कारण पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा धूर परत खोलीत लोटू शकतो. धुराच्या कपाटाची नळी पत्र्याची न करता पीव्हीसीची केली, कारण आम्लाच्या वाफा पत्रा खाऊन टाकतात. याच वाफांनी अॅमीटर, नादकाटे आणि चिमटे गंजतात, तेव्हा उपकरणे आणि रसायने एका खोलीत ठेवायची नाहीत असे तुम्ही निक्षून सांगितलेत. सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर आपल्याकडे दमट हवेने बुरशी चढते. त्यांच्यासाठी घट्ट दाराचे लहान कपाट, आत सिलिका जेल आणि एक छोटा दिवा, इतक्या साध्या उपायाने या पावसाळ्यात एकही भिंग खराब झाले नाही.

पाणी, वीज आणि गॅस यांबद्दल थोडक्यात लिहिते. डोळ्यात आम्ल उडाले तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धुवावा लागतो आणि त्या वेळी वीज असेलच असे नाही, म्हणून छतावर प्रयोगशाळेची स्वतंत्र टाकी बसवली आणि डोळे धुण्याचा नळ तिला जोडला. ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि मुख्य स्विच शिक्षकाच्या दाराशी आहे. सिलिंडर खोलीबाहेर जाळीत उभा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने आत शिरला तर जमिनीलगत साचतो, त्यामुळे गॅसची झडप जिथे आहे त्या भिंतीत खालच्या बाजूला झरोके ठेवले.

रसायनांच्या कपाटाविषयी मात्र थोडे अधिक लिहायला हवे. मी बाटल्या इंग्रजी वर्णक्रमाने लावायचे म्हणत होते, कारण शोधायला ते सोपे जाते. तुम्ही गट पाडलेत: आम्ले सर्वांत खाली, कोणाच्याही डोळ्यांच्या पातळीच्या वर नाहीत, स्पिरिट आणि ॲसिटोन यांसारखी ज्वालाग्राही द्रव्ये वेगळ्या लोखंडी पेटीत, नायट्रिक आम्ल सर्व सेंद्रिय द्रव्यांपासून दूर, अमोनियाची बाटली हायड्रोक्लोरिक आम्लापासून लांब. नावे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहिली आहेत, कारण आमची मुले पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला जातात तेव्हा तीच बाटली त्यांना इंग्रजी नावाने ओळखावी लागते आणि तोवर शाळेत येणारे कारागीर व पाहुणे बहुधा कन्नड वाचणारे असतात.

आता वर्गात काय बदलले ते सांगते. पूर्वी मी टेबलावर प्रयोग करून दाखवत असे, पुढच्या दोन रांगांना दिसे आणि बाकीची मुले निरीक्षण म्हणून माझे वाक्य वहीत उतरवत. आता प्रत्येक मुलाच्या हातात परीक्षानळी असते आणि वह्यांमधली निरीक्षणे एकसारखी नसतात. मागच्या महिन्यात पाणी उकळताना तापमापी १०० पर्यंत जाईना, ९८ अंशांच्या आसपासच थांबली, तेव्हा काही मुलांनी ती बिघडली म्हणून बाजूला ठेवली. दोन मुलींनी दुसरी लावून पाहिली, मग तिसरी, आणि तिन्ही तशाच म्हटल्यावर विचारायला आल्या. आपला भाग समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंच, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते, इथवर त्या प्रश्न विचारत स्वतः पोहोचल्या. मामा, तापमापीवर विश्वास ठेवायचा की पुस्तकातल्या आकड्यावर, हा प्रश्न त्यांना पडला याचा मला जो आनंद झाला त्यात तुमचा मोठा वाटा आहे. तीन तापमाप्या लावून पाहण्याइतकी जागा, वेळ आणि मोकळीक त्या टेबलावर त्यांना मिळाली म्हणून तो प्रश्न उभा राहिला.

तुम्ही मानधन घेतले नाहीत. शाळेने बसभाड्याचा विषय काढला तोही तुम्ही बदललात. कारागिरांशी कन्नडमध्ये, समितीशी मराठीत आणि मुलांशी त्यांच्या घरच्या बोलीत तुम्ही तितक्याच शांतपणे बोललात, आणि एखाद्या मुलाने चुकीची सूचना केली तरी ती आधी फक्कीच्या रेघांवर करून पाहिलीत. आमच्या शाळेतील सर्व शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्या वतीने मी तुमचे मनापासून आभार मानते. ही प्रयोगशाळा जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे इथे सुरक्षित उभे राहून काम करणारे प्रत्येक मूल तुमचे ऋणी राहील.

तुम्ही मागितलेली रसायनांची यादी सोबत पाठवत आहे. ग्लिसरीन पोटॅशियम परमँगनेटपासून वेगळ्या कपाटात हलवले आहे, पण ते स्पिरिटच्या पेटीशेजारी ठेवावे की नाही हे ठरत नाही. दिवाळीच्या सुटीआधी एकदा येऊन तेवढे पाहावे. खड्ड्यातले खडेही तेव्हाच काढू, नववीच्या मुलांनी ते काम मागून घेतले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
विज्ञान शिक्षिका,
मराठी माध्यम हायस्कूल,
ता. खानापूर, जि. बेळगाव