आमच्या नावावर युद्ध मागू नका : मंत्रिमहोदयांना एका बापाचं खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : शहिदाच्या व्याख्येत न बसणाऱ्या जवानाच्या आईबापांना व्यासपीठावर बसवून युद्धाची भाषणे करण्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

परवाच्या २६ जुलैला, कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमात, आपण माझा आणि माझ्या पत्नीचा वीरपिता-वीरमाता म्हणून सत्कार केलात, त्याबद्दल प्रथम आभार. भर पावसात वेळात वेळ काढून आलात, वाकून नमस्कार केलात, फोटो निघाला. तो फोटो आम्ही घरी पोचायच्या आत मुंबईच्या नातेवाइकांनी पाहिलासुद्धा. मग आपण माइक हातात घेतलात आणि म्हणालात, की या लाल मातीतली प्रत्येक आई देशासाठी पोटचा गोळा द्यायला तयार आहे, शेजाऱ्याचा आता कायमचा निकाल लागलाच पाहिजे, एकदाची आरपारची लढाई होऊनच जाऊ दे. हे म्हणताना आपला हात आमच्या खुर्च्यांकडे होता. टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात पोस्टमन एक लिफाफा देऊन गेला. आत अर्ध्या पानाचं पत्र. "सदर जवान हे प्रत्यक्ष युद्धजन्य कारवाईत शहीद झाले नसून कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू पावले असल्याने स्मारक व रस्त्याच्या नामकरणाबाबतचा आपला प्रस्ताव विचारात घेता येत नाही. सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे." नस्तीबद्ध, म्हणजे फाइल बंद. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे.

साहेब, काय ते एकदा ठरवा. माइकवर माझा मुलगा शहीद आणि कागदावर अपघात, हे एकाच आठवड्यात कसं जमतं?

आणि "आपला प्रस्ताव" म्हणे! आम्ही कधी प्रस्ताव दिला होता? माझ्या मुलाची, बाबूची, चिता अजून पेटलेली होती, तेव्हा पत्रकारांसमोर आपणच सांगितलंत, की वाडीपर्यंत डांबरी रस्ता होईल, त्याला त्याचं नाव लागेल, शाळेजवळ स्मारक होईल आणि सुनेला नोकरी मिळेल. आम्ही त्या वेळी काही मागण्याच्या स्थितीत नव्हतो. अर्ज नंतर करायला लावला, तोसुद्धा आपल्याच माणसाने, "काका, फॉर्मॅलिटी आहे" असं म्हणून.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. मुलगा बेळगावला भरती होऊन मराठा लाइट इन्फंट्रीत गेला. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडे वर रसद घेऊन जाणारी गाडी बर्फावरून घसरली आणि दरीत गेली. त्या रस्त्याने तो सहलीला चालला नव्हता. वरच्या चौकीत माणसं बसवलेली होती, त्यांना रॉकेल आणि पीठ पोचवायचं होतं. शवपेटी गोव्यात उतरली. आमच्याच जिल्ह्यात चिपीला विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठा गाजावाजा करून सुरू झालेला आहे, पण ते असो.

महिन्याभराने त्याची काळी ट्रंक आली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत सामानाची टाइप केलेली यादी, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. बनियन चार. दाढीचं सामान एक संच. मोबाइल एक, काच फुटलेली. हनुमान चालिसा एक. आणि शेवटच्या ओळीत "सूखा फल, काला, एक थैली". ती हिने पाठवलेली आमसुलं होती. मेसच्या डाळीत टाकायला मागवायचा. त्या कारकुनाला आमसूल काय ते ठाऊक नसणार, पण त्याने ती पिशवी टाकली नाही, यादीत लिहिली, मोजली, शेकडो कोसांवरून परत पाठवली. लष्कराबद्दल माझी काही तक्रार नाही, ती या एका ओळीमुळे. पलटणीतून सुभेदारसाहेब अजून फोन करतात. तक्रार आहे ती खालच्या कार्यालयांची आणि वरच्या भाषणांची.

पैसे मिळाले नाहीत असं मी म्हणणार नाही. मिळाले. पण कसे मिळतात ते आपल्या मतदारांना माहीत नसेल म्हणून सांगतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे केंद्राचं सानुग्रह अनुदान मरणाच्या कारणावर ठरतं : कर्तव्यावर अपघात, २५ लाख, सीमेवरची चकमक किंवा ठरवून दिलेल्या उंचीवरचं हवामान, ३५ लाख, युद्धात शत्रूच्या हातून, ४५ लाख. आमच्या एस.टी.त भाड्याचे टप्पे असायचे तसे हे टप्पे आहेत, फक्त इथे उतारू कुठे उतरला ते कारकून ठरवतो. राज्याने २०१९ साली आपली मदत २५ लाखांवरून एक कोटीवर नेली, त्याच्या जाहिराती आम्हीही पाहिल्या. पण काश्मीरमधल्या हंदवाड्यात २०२० मध्ये अतिरेक्यांशी लढताना गेलेल्या एका मेजरच्या पत्नीला, शौर्य चक्र मिळालेलं असूनही, ते महाराष्ट्राचे रहिवासी होते की नाही या वादापायी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने कान उपटले तेव्हा २०२४ मध्ये निर्णय झाला. मेजरच्या घरच्यांची ही कथा, तर कंडक्टरच्या घरच्यांनी काय अपेक्षा ठेवायची?

आता आपल्या आरपारच्या लढाईकडे येतो. संसदेवर हल्ला झाल्यावर डिसेंबर २००१ मध्ये सैन्य सीमेवर नेऊन उभं केलं. ऑपरेशन पराक्रम. जवळजवळ दहा महिने ते तिथे उभं होतं. युद्ध झालं नाही. तरीही सुरुंग पेरताना, काढताना, गाड्यांच्या अपघातांत वगैरे सुमारे आठशे जवान गेले. कारगिलला, जिथे खरोखर डोंगर चढून लढाई झाली, तिथे ५२७. म्हणजे न झालेल्या युद्धाने झालेल्या युद्धापेक्षा जास्त माणसं खाल्ली. त्यांच्या नावाचा दिवस कधी साजरा होतो हो? सियाचिनवर १९८४ पासून आपली माणसं आहेत, तिथे गोळीपेक्षा बर्फानेच जास्त नेली. आपल्या कार्यालयाच्या हिशेबाने ही सगळी अपघाती माणसं. नस्तीबद्ध.

सैनिक पाठवणं म्हणजे पहिली गोळी सुटल्यावर सुरू होणारी गोष्ट, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ट्रकमध्ये बसवला की पाठवलाच.

गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत टीव्हीवर एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त झालं. आमच्या जेटीवर पोरं फटाके शोधत होती. सकाळी कळलं की कराची आहे तिथेच आहे. त्या रात्री आमच्या शेजारणीने, जिचा मुलगा राजौरीकडे होता, देवासमोरून हलायचं नाव घेतलं नाही, आणि टीव्हीवाला ओरडत होता की देशाची इच्छा आहे, आता थांबायचं नाही. देशाच्या या इच्छेत ती बाई धरलेली होती का? माझी बायको फार बोलत नाही. आपलं भाषण झाल्यावर गाडीत एवढंच म्हणाली, "त्यांका सांगा, माझो झील माका परत देवा, मगे खुशाल लाहोर घेवा."

आम्ही भेकड आहोत असं कुणी म्हणू नये. पहलगामला २६ माणसं मारली, त्यात आपल्या महाराष्ट्राचीही होती, त्याचा जाब मागायलाच हवा होता. तो कसा मागायचा ते सरकारने, सेनापतींनी ठरवावं. मी मुत्सद्दी नाही. मी सांगतोय ते इतकंच, की ठरवताना बेरीज पुढ्यात ठेवा आणि आम्हाला मखरात बसवून आमच्या तोंडून होकार काढू नका. आम्हाला कुणी विचारलेलं नाही. १९६२ मध्ये चीनशी लढाई चालू असताना तरुण वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन मागितलं आणि नेहरूंनी ते नोव्हेंबरात बोलावलं. पुढे २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपलं सैन्य मागितलं, तेव्हा त्याच वाजपेयींच्या सरकारने चर्चा केली, विरोधकांचं ऐकलं आणि नाही म्हटलं. त्या नकारामुळे किती ट्रंका घरी आल्या नाहीत, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही, मांडताही येणार नाही. पण त्याबद्दल वाजपेयींचा एक सत्कार व्हायला हवा होता. उलट १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेना गेली, तीन वर्षांनी परत आली, बाराशेच्या आसपास माणसं मागे ठेवून. महार रेजिमेंटच्या मेजर परमेश्वरन यांना परमवीर चक्र मिळालं. बाकीच्यांचं काय झालं ते त्यांच्या घरच्यांना विचारा, कशासाठी गेले हेसुद्धा त्यांना कुणी धड सांगितलं नाही.

आणि इराक कोकणाला नवीन नाही. पहिल्या महायुद्धात तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. एप्रिल १९१६ मध्ये उपाशीपोटी शरण जावं लागलं, पुढे कैदेत आणखी मेले. रत्नागिरी जिल्ह्यात कित्येक गावांतून इंग्रजांनी लावलेल्या दगडी पाट्या आहेत : या गावातून इतके लढाईला गेले, त्यांपैकी इतके कामी आले. गोळीने गेला की तापाने, असा रकाना त्या पाटीवर नाही. गोऱ्या साहेबाचं कौतुक करायची मला हौस नाही, त्याने आमची माणसं दुसऱ्याच्या भांडणात वापरली. पण त्याला जे जमलं ते आपल्याला जमू नये?

माझा भाचा रोज पहाटे किनाऱ्यावर धावतो. भरती. आता अग्निवीर. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली : चार वर्षं, त्यातले पंचवीस टक्के ठेवणार, बाकीचे अकरा-पावणेबारा लाख घेऊन घरी. कर्तव्यावर गेला तर ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाख सानुग्रह, पण घरच्यांना पेन्शन नाही. बुलढाण्याचा एक पोरगा ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनवर गेला, तेव्हा देशभर यावर दोन दिवस भांडण झालं. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही सांगितलं की अग्निवीराच्या घरच्यांना नियमित सैनिकाप्रमाणेच लाभ द्या. द्या की मग! बहीण मला विचारते, पाठवू का? मी तिला नको म्हणालो नाही. इथे दुसरं आहे काय? मासे कमी झाले, आंबा लांबतोय, आणि पोरगा मुंबईला गेला तर दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण. आपण व्यासपीठावर ज्याला कोकणची शौर्यपरंपरा म्हणता, त्यात किती परंपरा आणि किती नाइलाज, ते एकदा भरतीच्या रांगेत उभं राहून पाहा. आपल्या चिरंजीवांना सोबत आणलंत तर उत्तमच, रांगेत ओळखी होतात.

लिहिता लिहिता लांबलं, पण राहवत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. दुखणं जरा जड झालं की आम्ही अजून गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात पळतो. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाला पंतप्रधानांनी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. कारण काय, तर ताशी ४५ किलोमीटरचा वारा! मालवणच्या माणसाला वारा शिकवता? पण बघा, तिथे कुणी "अपघाताने पडला, प्रकरण नस्तीबद्ध" असं पत्र काढलं नाही. वर्षाच्या आत नवा, आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला. व्हायलाच हवा होता, महाराज आमचेही आहेत. म्हणजे मनात आलं की फाइल धावते. आमच्या वाडीची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, मात्र तशीच आहे. त्याच पाखाडीवरून सहा जवान पेटी खांद्यावर घेऊन शेवाळावर पाय रोवत चढले. आपण खाली गाडीत थांबला होतात, कारण बूट घसरत होते.

स्मारक आता नको. खरंच नको. रस्ता करा, तो बाबूच्या नावाने नको, वाडीतल्या म्हाताऱ्यांसाठी करा. सुनेच्या नोकरीचं हो की नाही ते लेखी कळवा, म्हणजे ती पोरगी आपल्या आयुष्याचं बघायला मोकळी होईल. ते "अपघाती" लिहिलेलं पत्र मागे घ्या. आणि यापुढे ज्या कार्यक्रमात युद्ध मागायचं असेल त्याचं निमंत्रण आमच्या घरी पाठवू नका, आपली खुर्ची पुढे घ्या आणि आपल्या घरच्यांच्या नावावर मागा.

उत्तर पत्राने द्यावं, सहीनिशी. मागच्या खेपेला आपला एक कार्यकर्ता घरी येऊन, चहा पिऊन, "काका, सोशल मीडियावर काही टाकू नका, साहेबांचं लक्ष आहे" असं सांगून गेला. म्हणून हे पत्र आपल्याला पोस्टाने आणि बाकी सर्वांना इथे.

कळावे,
एक निवृत्त कंडक्टर,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग