प्रतापसिंह महाराजांची गादी एकाच कारणाने गेली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत सातारच्या प्रतापसिंह महाराजांवर तुम्ही पूर्ण पान दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण मजकूर वाचून संताप झाला. मुख्य लेख म्हणतो, १८३९ साली महाराजांना गादीवरून काढले ते निव्वळ वेदोक्ताच्या, म्हणजे वैदिक मंत्रांनी संस्कार करण्याच्या हक्काच्या, वादामुळे. बाजूची चौकट म्हणते, गोव्याच्या पोर्तुगीजांशी कट केल्याच्या आळामुळे. एकाच पानावर दोन कारणे, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय, यावर एक ओळही नाही.

आधी ठळक चूक सांगतो. लेखात 'महाराजांचे भाऊ आप्पासाहेब यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार' असे वाक्य आहे. या प्रकरणात आप्पासाहेब तीन आहेत. एक नागपूरचे आप्पासाहेब भोसले, सीताबर्डीच्या लढाईनंतर परागंदा झालेले आणि पुढे जोधपूरच्या आश्रयाला राहिलेले. गुप्त पत्रव्यवहाराचा आरोप यांच्या संदर्भात होता. दुसरे महाराजांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब, ज्यांना इंग्रजांनी महाराजांच्या जागी गादीवर बसवले. तिसरे सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन, वेदोक्ताच्या वादात महाराजांच्या विरुद्ध पक्षाचे वजनदार सरदार. पहिल्याचा आरोप दुसऱ्याच्या नावावर टाकला की सगळ्या प्रकरणाचा अर्थच उलटा होतो. ज्या भावाला या पदच्युतीतून गादी मिळाली, तोच तुमच्या लेखात कटाचा साथीदार झाला आहे!

आता मूळ मुद्दा. भांडणाची मुळी २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात आहे. तहाच्या पाचव्या कलमाने महाराजांवर बंधन घातले की आपल्या ताब्याबाहेरच्या कोणाही राजाशी, सरदाराशी किंवा इतर इसमाशी रेसिडेंटला (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीला) वगळून व्यवहार ठेवायचा नाही. हे कलम इतके रुंद आहे की काशीला गेलेल्या एखाद्या माणसाने आणलेले साधे पत्रसुद्धा त्यात बसवता येईल. सातव्या कलमात जहागीरदारांचा विषय आहे. अक्कलकोटचे भोसले, फलटणचे निंबाळकर, औंधचे प्रतिनिधी, भोरचे सचिव, जतचे डफळे आणि वाईचे शेख मिरा, हे सहा जण चाकरी महाराजांची करणार, पण त्यांच्या जहागिरींची हमी इंग्रजांची. मग जहागीरदार निपुत्रिक वारला तर जहागीर कोणाकडे यायची? दत्तकाला मंजुरी कोणी द्यायची आणि नजराणा कोणी घ्यायचा? महाराज म्हणत, हक्क माझा. मुंबई सरकार ते मानायला तयार नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालक मंडळाचा कौल महाराजांच्या बाजूने होता, पण मुंबईकरांनी तो त्यांना कळवला नाही. १८३५ च्या डिसेंबरात त्याच मंडळाने महाराजांच्या कारभाराची तारीफ करून त्यांच्यासाठी रत्नजडित तलवार मंजूर केली. तीही महाराजांच्या हाती पडली नाही. तलवार मंजूर झाल्याला वर्षही झाले नव्हते, तोच ऑक्टोबर १८३६ मध्ये त्यांच्याविरुद्ध गुप्त चौकशी सुरू झाली. तुमच्या पानभर मजकुरात ना तलवार आहे, ना जहागिरी.

म्हणून वेदोक्ताचा वाद किरकोळ होता, असे मी म्हणत नाही. तो फार कडवट होता. पेशवाईत प्रभूंकडून (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीकडून) नऊ कलमांची कबुली लिहून घेतली होती : वैदिक मंत्र म्हणणार नाही, शालिग्राम पुजणार नाही, नमस्काराऐवजी दंडवत म्हणू, अशा थराची. पेशवाई गेल्यावर प्रभूंनी ती झुगारली आणि महाराजांनी त्यांची बाजू घेतली. यात महाराजांचा स्वतःचा प्रश्न गुंतलेला होता. कलियुगात क्षत्रिय उरलेलेच नाहीत, हे शास्त्र्यांचे म्हणणे मान्य केले तर प्रभू चिटणिसांच्या मुलाची मुंज तर सोडाच, भोसल्यांच्या राज्याभिषेकालाही आधार राहत नाही. त्यामुळे सातारच्या दरबारात शास्त्रार्थाच्या सभा झाल्या, आबा पारसनिसांसारखे विद्वान महाराजांच्या बाजूने उभे राहिले, आणि बाळाजीपंत नातू व चिंतामणराव पटवर्धन दुसऱ्या बाजूला गेले. या वैरातून महाराजांना घरचे शत्रू मिळाले. रेसिडेन्सीत ज्याला महाराजांविरुद्ध काही सांगायचे होते, त्याला तिथे कान मिळाला.

पुरावा कसा उभा राहिला, ते पाहिले की हे दोन्ही धागे एकत्र दिसतात. पहिला आरोप २३ व्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवल्याचा. त्यात दिवाण गोविंदराव पकडले गेले. मग त्यांच्या आई गिरजाबाई यांच्या नावाचा एक अर्ज मुंबईला पोचला. त्यात मुलाला वाचवण्यासाठी सारा दोष महाराजांवर टाकला होता. कैदेतल्या गोविंदरावांकडून पुढे त्याला दुजोरा घेण्यात आला. आणि अर्ज लिहिणारा कोण निघाला? कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा इसम. तो मीच लिहिला, हे त्यानेच सांगितले. गोव्याच्या आरोपाचेही तसेच. पोर्तुगालहून फौज आणवून इंग्रजांना हुसकायचा बेत होता म्हणे. पोर्तुगालात १८३४ पर्यंत यादवी चालू होती, आणि १८३५ च्या जानेवारीत गोव्यात सूत्रे हाती घेतलेला बर्नार्दो पेरेस द सिल्वा हा प्रमुख अधिकारी तीन आठवड्यांच्या आत उलथवला गेला. ज्या सरकारला पणजी सांभाळता येत नव्हती ते सातारला फौज धाडणार होते, यावर मुंबईच्या कौन्सिलने विश्वास ठेवला. महाराज पुराव्याच्या नकला मागत राहिले, त्या त्यांना मिळाल्या नाहीत. उघड सुनावणीही झाली नाही. चौकशीत बसलेले रेसिडेंट लॉडविक निवृत्तीनंतर लंडनमध्ये महाराजांच्या बाजूने बोलले, हे तरी तुमच्या लेखकांनी सांगायला हवे होते.

आणि शेवटचा प्रसंग. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्यात आले आणि माफीच्या अटींची यादी पुढे ठेवली. १८१९ चा तह काटेकोर पाळायचा, भावाचा तनखा चालू ठेवायचा, आणि बळवंतराव चिटणीस यांना कारभारातून दूर करायचे. हे तिसरे कलम नीट वाचा. बळवंतराव हे शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्यातले, प्रभूंच्या पक्षाचे मुख्य माणूस. परराज्याशी कट केल्याच्या आरोपाच्या तडजोडीत वेदोक्ताच्या वादातला माणूस दूर करण्याची अट येते, यापेक्षा धर्म आणि राजकारण एकमेकांत गुंतल्याचा स्पष्ट दाखला कोणता हवा? तरीही महाराजांनी नकार दिला तो या अटींमुळे नव्हे. तह पाळायला ते तयार होते. यादीच्या मथळ्याशी गुन्ह्याची कबुली होती, तिच्यावर त्यांनी सही केली नाही. ४ सप्टेंबरच्या रात्री त्यांना वाड्यातून उचलून लिंब गावी नेले, तिथून काशीला. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी ते तिथेच वारले. पुढच्याच वर्षी शहाजी महाराज वारले, आणि डलहौसीने त्यांचे दत्तक नाकारून राज्य खालसा केले.

सगळा दोष एका जातीच्या माथी मारला की कार्नॅक, लॉडविकनंतरचे रेसिडेंट ओव्हन्स आणि मुंबईचे सचिव विलोबी आपोआप सुटतात. सगळा दोष इंग्रजांवर टाकला की नातूंचा पक्ष सुटतो. महाराजांचे वकील रंगो बापूजी १४ वर्षे लंडनमध्ये झगडले ते या दोघांविरुद्ध.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत छापलेला मोडी कागद उलटा आहे. मोडीत लेखणी आधी पूर्ण रेघ ओढते आणि अक्षरे त्या रेघेखाली लोंबतात. तुमच्या चित्रात अक्षरे रेघेवर उभी आहेत, आणि 'श्री' तळाला गेला आहे. मोडी वाचणारी माणसे साताऱ्यात आणि पुण्यात आजही आहेत, छापण्याआधी एकदा कागद त्यांना दाखवत जा. तीन आप्पासाहेबांची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी, त्याच पुरवणीत आणि वाचता येईल एवढ्या टाइपात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा