भाऊ, तांबडी उभी राहिली

आदरणीय भाऊ,
सादर नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव कुठेही लिहू नये, असे आपण निघताना दोनदा बजावले होते, म्हणून ते या पत्रात येणार नाही. मात्र घडलेली गोष्ट चार लोकांना कळूच नये, हे मला मान्य नाही. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, आषाढाच्या मुसळधार पावसात, एका गावरान कोंबडीसाठी आपण पाणंदीतला चिखल तुडवत आलात. त्याला आता दोन महिने होत आले, तरी ते आठवले की माझा गळा दाटून येतो.

तांबडीचा पाय मोडला तो मुंगसामुळे. भर दुपारी ते मागीलदारी शिरले, कोंबड्या चहूकडे उधळल्या आणि ही गडग्यावरून उडी घेताना जांभ्या दगडांच्या फटीत अडकली. मी धावत जाऊन तिला सोडवले, तेव्हा उजवी नडगी मधोमध वाकली होती आणि पाय लोंबत होता. ती ओरडतही नव्हती. डोळे अर्धवट मिटून माझ्या कुशीत गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली.

आपल्याला निरोप धाडण्यापूर्वी मी तिला घेऊन दोन ठिकाणी गेले होते. पहिल्या ठिकाणी टोपलीवरचे फडके बाजूला करण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत; गाय किंवा म्हैस असती तर पाहिले असते, इतके सांगून मला परत पाठवले. दुसऱ्या ठिकाणी तिला टोपलीतून बाहेर काढले खरे, पण ते दोन्ही पायांना धरून, डोके खाली लोंबकळत ठेवून, आणि मोडलेला पायही त्याच मुठीत आवळून. क्षणभर पाहून तिला पुन्हा टोपलीत टाकले आणि, ‘गटारी चार दिवसांवर आली आहे, औषधाला पैसे कशाला घालवता?’ असे हसत विचारले. मी उत्तर दिले नाही. एसटीच्या थांब्यावर येईपर्यंत माझे हात कापत होते.

माझे घर शाकाहारी नाही, हे मी येथे स्पष्ट लिहिते. राखणदाराला, म्हणजे वाडीचे रक्षण करणाऱ्या देवाला, कोंबडा आमच्याकडूनही दिला जातो आणि तो प्रसाद म्हणून आम्ही खातो. म्हणून कोंबडी कापून खा असे कोणी सुचवले, याचा मला राग नाही. राग आहे तो वेदनेने अर्धमेल्या झालेल्या जिवाला उलटे टांगणाऱ्या त्या हाताचा. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्यांचा श्वास चालतो, आणि उलटे धरले की पोटातल्या अवयवांचा भार नेमका श्वासावर येतो, हे आपण मला नंतर समजावून सांगितलेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० पासून आहे, तरीही सायकलीच्या हँडलला पाय बांधून लटकवलेल्या कोंबड्या पाहताना आपल्यापैकी कोणाची पावले थांबत नाहीत. माझीही आजवर थांबली नव्हती. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसांत राखलेले ३१ कोटींहून अधिक पक्षी मोजले गेले. त्यांना दाणे टाकणाऱ्या आणि संध्याकाळी खुराडे लावून घेणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आणि अंड्यांच्या पैशांतून किती घरांत मुलांच्या वह्या येतात, हे मी शाळेत शिकवत असताना जवळून पाहिले आहे. मोजदाद होते, पण त्यांतल्या एकीचा पाय मोडला तर तो हातात घेऊन पाहायला कोणी तयार नसते, याचे मला मनापासून दुःख वाटते.

आपण आलात ते शेजारच्या मुलाने निरोप दिल्यावर, तासाभराच्या आत. गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून, म्हणजे जखमांची मलमपट्टी करण्यात, आपली सारी नोकरी गेली, आणि निवृत्त होऊनही काही वर्षे झाली. आपल्याला यायचे काहीही बंधन नव्हते. ओटीवर येताच आपण खुर्ची नाकारून जमिनीवर मांडी घातलीत, खांद्यावरचा पंचा हलकेच तांबडीच्या डोक्यावर टाकलात आणि अंधार झाल्यावर ती शांत होईपर्यंत काही न बोलता बसून राहिलात. कामट्या कशा तासल्या, कापूस कसा गुंडाळला, पट्टी किती सैल ठेवली, हे मी लिहीत बसत नाही. ज्याला येते त्यानेच ते करावे. मला सांगायचे आहे ते पट्टी बांधण्याआधीच्या एका क्षणाविषयी.

आपण आपली तर्जनी तिच्या दुखऱ्या पायाच्या तळव्याखाली धरलीत आणि थांबलात. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी श्वास रोखून पाहत होते आणि काहीच होत नव्हते. किती वेळ गेला कोणास ठाऊक, पण आपण बोट काढले नाही, ते हलवलेही नाही. मग तिच्या नखांची किंचित हालचाल झाली आणि तिने आपले बोट धरले. आपण मला ‘ती बरी होईल’ असे सांगितले नाहीत. आपण माझा हात घेतलात, माझे बोट तेथे ठेवलेत आणि म्हणालात, ‘बाई, तुम्हीच बघा.’ तिचा तळवा गरम होता आणि पकड अगदी क्षीण होती, पण ती होती. नस शाबूत आहे आणि रक्त पोहोचते आहे, हा त्याचा अर्थ आपण नंतर सांगितलात; मला तो आधीच कळला होता. दोन दिवस ज्या पायाकडे कोणी नीट पाहिले नव्हते, तो पाय आपण मला धीर येईल अशा रीतीने दाखवलात. यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे.

औषध देण्याचा अधिकार आपला नाही म्हणून आपण ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केले होते, त्यांना फोन लावून विचारलेत. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मी पुढे केली, ती परत ठेवायला लावलीत. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिने अंडे घातलेच, तर ते घरातही खायचे नाही आणि कोणाला द्यायचेही नाही, हे आपण माझ्याकडून वदवून घेतलेत. पैसे तर घेतले नाहीतच. चांगुलपणा म्हणजे नुसते मऊ मन, असे मी आजवर समजत होते. आपल्या वागण्यात मला त्याबरोबरच कामातली शिस्त, स्वतःच्या मर्यादेची जाणीव आणि समोरच्या जिवाविषयीचा आदर दिसला, मग तो जीव दीड किलोचा का असेना.

आपण २१ दिवस सांगितले होते. कोंबडी अंडी उबवते तेही २१ दिवसच, त्यामुळे ते मोजणे मला जड गेले नाही. श्रावणात पट्टी सुटली. सुरुवातीला ती पाय उचलून धरी, मग टेकवू लागली, आणि गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, मी दिवा घेऊन खुराडे लावायला गेले तेव्हा, ती इतर कोंबड्यांच्या शेजारी बांबूच्या दांडीवर बसलेली होती. पाय दुमडला की स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर ताणले जाऊन बोटे आपोआप आवळतात आणि म्हणून झोपेतही पक्षी पडत नाही, असे आपण म्हणाला होतात. मी दिवा जवळ नेऊन पाहिले. दोन्ही पायांची बोटे दांडीवर घट्ट होती. चालताना ती अजून थोडी लंगडते, पण दाणे टाकले की सर्वांच्या आधी पोहोचते.

आपला पंचा त्या दिवशी ओटीवरच राहिला. तो धुऊन, घडी घालून कपाटात ठेवला आहे. शेजारच्या मुलाबरोबर पाठवता आला असता, पण मी मुद्दाम पाठवलेला नाही. पाऊस उघडला की तो न्यायला आपण स्वतः यावे, वहिनींनाही आणावे, आणि तांबडीला एकदा पाहून जावे.

आपली,
ओटीवरची बाई