मासा मिळेलच, अशी पाटी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खाडीतल्या गळाच्या सफरींवर पानभर लेख वाचला. पुण्या-मुंबईची मंडळी रॉड-रील घेऊन येतात, इथला माणूस त्यांना होडीतून जागा दाखवतो आणि त्यात दोघांचंही भलं होतं, असा लेखाचा सूर. सूर चुकीचा नाही. आमच्या घरची चूल गेली चार वर्षं निम्मी याच सफरींवर पेटते आहे. कालावल खाडीच्या काठी आमचं घर आहे. दोन खोल्या पाहुण्यांना दिल्यात, रांधप माझ्याकडे, आणि पाहुण्यांना गरवायला माझा दीर नेतो. (गरवणे म्हणजे गरी टाकून मासे धरणे. लेखात सगळीकडे ‘अँगलिंग’ होतं म्हणून सांगितलं. शब्द आपल्याकडे आधीपासून आहे.) तेव्हा हे पत्र सफरींच्या विरोधात नाही. माझी तक्रार लेखाखालच्या चौकटीतल्या एकाच ओळीबद्दल आहे: ‘मासा मिळाला नाही तर पैसे परत!’

ही ओळ हल्ली रस्त्याकडेच्या पाट्यांवरही दिसते. लेखकाला तिचं कौतुक वाटलं. मला मात्र मागच्या मे महिन्यातली एक दुपार आठवली.

चार पाहुणे आमच्याकडे उतरले होते, पण सफर त्यांनी दुसऱ्याच कुणाची ठरवली होती. पाटी बघूनच. दुपारी परतले ते दोघांनी मिळून कूलर उचलत. आत साडेनऊ किलोचा एक चोणक, म्हणजे तुमच्याकडे रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो, आणि खाली आठ तांबोशी, एकेक वीतभर. मासे साफ करायला माझ्याकडेच आले. चोणकाचं पोट फाडलं तर दोन्ही बाजूंना गाबोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, पिशव्या गच्च भरलेल्या. पाहुण्यांनी फोटो काढले. मी ती गाबोळी तळून वाढली आणि उरलेल्या तुकड्यातला एक मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी दीर आला. कातरलेलं डोकं बघून म्हणाला, “वयनी, ह्या एका माश्याबरोबर फुडल्या किती वर्सांचो धंदो गेलो, म्हायत आसा?”

मला वाटलं, दुसऱ्याच्या बोटीला मोठा मासा लागला म्हणून पोटात दुखतंय. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिला विचारलं. ती रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली. तिने जे सांगितलं ते आयुष्यभर मासे कापूनही मला ठाऊक नव्हतं. चोणक आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि पुढे अंगाने वाढला की त्याच माशाची मादी होते. म्हणजे दोन हात लांबीचा, आठ-दहा किलोचा चोणक ही बहुतेक वेळा मादीच, आणि पावसाच्या तोंडाला ती अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात निघालेली असते. तांबोशीचं निराळंच. तिची पिल्लं खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि अंडी घालण्याजोगी झाली की बाहेर समुद्रात खडकांकडे जातात. खाडीत गरीला लागणारी वीतभर तांबोशी म्हणजे शाळेतलं पोर. माझ्या त्या कूलरमध्ये एक आजी होती आणि आठ नातवंडं.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, ही चांगली गोष्ट झाली. पण असा नियम लहान माशाला वाचवतो. चोणकाच्या बाबतीत मोठ्यालाही वाचवायला हवं, आणि ‘पैसे परत’वाल्याला नेमका तोच मोठा मासा दाखवायचा असतो.

गॅरंटी आणि खाडी यांचं का जमत नाही, ते दोन दिवस आमच्या होडीत बसलं की कळतं. सगळा खेळ पाण्याचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास. आमच्याकडे पाणी त्याच्या थोडं आधीच भरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. माझे सासरे म्हणायचे, “सुकतीक चोणक गावता, भरतीक गावलो तर नशीब.” सुकती म्हणजे ओहोटी. त्याला कारण आहे. पाणी ओसरू लागलं की कांदळवनातल्या चोंढ्यांतून, म्हणजे पाण्याच्या अरुंद वाटांतून, कोळंबी आणि बारीक शेवटे मासे बाहेर ढकलले जातात, आणि चोणक चोंढ्याच्या तोंडाशी वाट बघत उभा असतो. भांगाला पाणी धड चढत नाही की उतरत नाही, मासाही सुस्त पडतो. अशा दिवशी दीर पाहुण्यांना फोनवरच सांगतो, मोठा मासा मिळायचा नाही. यायचं तर या, मुलांना काळुंदरासारखे छोटे मासे गरवायला शिकवतो, जुव्याला (खाडीतल्या बेटाला) वळसा घालून आणतो. निम्मे येत नाहीत. जे येतात ते पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

पाटीवाल्याला असं सांगता येत नाही. पैसे परत करायचे नसतील तर मासा आणलाच पाहिजे. मग तो काय करतो? नियम-मर्यादा विसरून जिथे हमखास मिळेल तिथे बोट घालतो. एका पाहुण्याने मला मोबाइलवर आधीच्या सफरीचे फोटो दाखवले, पाठीमागे पद्मगड स्वच्छ दिसत होता. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, एकूण सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, त्यातला जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा. अभयारण्यावरून आमच्या भागात दोन मतं आहेत आणि माझंही सगळं पटत नाही, पण रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, माणसाला नियम दाखवायचा आणि रॉडवाल्याला मोकळं रान, हे कुठल्याच मताला धरून नाही. आणखी एक ऐकीव गोष्ट, खरी-खोटी देव जाणे: आदल्या रात्री कांडाळीत (जाळ्यात) धरलेला मासा एकाने पाहुण्याचं लक्ष नसताना त्याच्या गरीला लावून पाण्यात सोडला म्हणे. पाहुणा खूश! आम्ही दोन दिवस हसत होतो.

लेखात ‘मासा सोडून देतात’ असंही लिहिलंय. सोडतात, पण कसा? एप्रिल-मेमध्ये खाडीचं पाणी तापलेलं असतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी. बारीक दोरीवर मासा अर्धा तास खेळवला की तो आधीच दमून अर्धमेला होतो. मग कोरड्या हातांनी धरायचा, तापल्या फळीवर ठेवायचा, एकेकाचा फोटो, मग सगळ्यांचा मिळून. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तीच त्याची कातडी राखणारी गोष्ट. असा मासा पाण्यात सोडला तर पोहत गेल्यासारखा दिसतो. पुढे जगतो की नाही, बघायला कोण जातं? दीर आता जाड दोरी देतो, लवकर आत घेता येतो. आमिषाला वळलेल्या टोकाचा गोल गळ वापरतो, तो घशात न जाता ओठाच्या कोपऱ्यात रुततो. हात ओले करायला लावतो आणि फोटो शक्यतो पाण्यातच. हे तो कुठल्या कोर्समध्ये शिकला नाही. बेंगळुरूच्या एका पाहुण्याने दाखवलं, याने उचललं.

आता गावातले लोक मला काय म्हणतात, तेही लिहिते. बाहेर पर्ससीनची अवाढव्य जाळी आणि दिव्यांच्या झोतावर मासे ओढणारे एलईडीवाले रातोरात समुद्र खरवडून नेतात, खाडीत वाळूचा उपसा चालतो, आणि तू चार पाहुण्यांच्या गरीवर कसली बोलतेस? बोलणं चुकीचं नाही. वाळू उपशाने आमचा एक कोंड, म्हणजे खाडीतला खोल डोह, माझ्या डोळ्यांदेखत बुजला. पण खाडीत मोठे चोणक बसायच्या जागा मोजक्याच, एकेका घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या. त्या आता मोबाइलवर खूण करून वाटल्या जातात. तिथून वर्षाला पाच-सहा आज्या उचलल्या तर खाडी रिकामी व्हायला पर्ससीन लागत नाही.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. तिथे कुणी ‘खंड्या दिसला नाही तर पैसे परत’ अशी पाटी लावल्याचं मी पाहिलं नाही. लोक दोन तास पाण्यावर बसण्याचे, सोबत माहितगार माणूस असण्याचे पैसे देतात. गळाच्या सफरीचेही तसेच घ्यावेत: इतके तास, इतकी माणसं, इतके रुपये. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, होडीच्या तळाशी गुंडाळलेलं नको. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघं गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते तेव्हा ‘पावसाळी स्पेशल’ म्हणून काठावरून मोठ्या चोणकाच्या मागे लागणंही बंद करावं. बंदी असते ती त्याच गाबोळीसाठी ना? आमच्याकडे त्या दोन महिन्यांत पाहुणे येतात ते पाऊस बघायला आणि कुळथाची पिठी जेवायला. धंदा कमी होतो, बुडत नाही.

आपल्या लेखकाला माझा एवढाच निरोप द्यावा की पुढच्या वेळी चौकट छापताना गॅरंटीची ओळ गाळा आणि त्याऐवजी त्या दिवसाची तिथी आणि भरतीची वेळ छापा.

आपली,
एक वाचक, कालावल खाडीकाठ, ता. मालवण
(नाव छापू नये ही विनंती)

ता. क. : लेखासोबतच्या फोटोखाली ‘जिताडा’ लिहिलंय. तो जिताडा नाही, तांबोशी आहे. जिताडा रुपेरी असतो, कपाळ बशीसारखं खोलगट आणि शेपटी गोल. फोटोतला मासा तांबूस आहे आणि त्याचे सुळे माझ्या चष्म्याशिवायही दिसतात. दुरुस्ती छापावी.