टॉवेलवरच्या टॅगचे क्रमांक कोणाच्या ताब्यात?

संपादक महाशय,

सोलापूरचे टेरी टॉवेल अमेरिकेत जातात, आणि तिथल्या वॉलमार्टने २०२२ मध्ये घरगुती वस्तूंनाही आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चिप असलेली लेबले) सक्तीचे केले. तेव्हापासून निर्यातदारांचे लक्ष टॅग वाचणारे रीडर आणि त्यांच्या अँटेनांच्या कोटेशनकडे आहे. टॅगमध्ये कोणता क्रमांक लिहायचा, हे मात्र लेबल छापणाऱ्यावर सोडले जाते. खरी गोची तिथेच होते.

नेहमीची चूक म्हणजे बारकोडचे १३ अंक तसेच टॅगमध्ये उतरवणे. बारकोड मालाचा प्रकार सांगतो. एका रंगाच्या, एका मापाच्या ५०० टॉवेलांवर तो एकच असतो. रीडर पाचशेही टॅग वाचतो, सॉफ्टवेअर सारखे क्रमांक एकात जमा करते आणि पडद्यावर साठा दिसतो १ नग!

बारकोडचे क्रमांक ठरवणाऱ्या जीएस१ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एसजीटीआयएन-९६ या टॅग-क्रमांकाच्या रचनेत ९६ बिटांची वाटणी ठरलेली आहे : ८ बिट रचनेची ओळख, ३ फिल्टर (सुटा नग की पेटी हे सांगणारे), ३ विभाजन, ४४ कंपनी आणि वस्तू क्रमांक, ३८ त्या एका नगाचा अनुक्रमांक. बारकोडचा शेवटचा तपासणी अंक यात लिहायचा नसतो. कंपनी क्रमांक किती अंकी आहे, हे विभाजनाच्या ३ बिटांवरून कळते. ते चुकले तर टॅग बिनबोभाट वाचला जातो, फक्त भलत्याच मालाचा म्हणून.

३८ बिटांत एकेका वस्तूसाठी २७ हजार कोटींहून अधिक अनुक्रमांक बसतात. तरीही ते आपसात धडकतात. कारण साधे आहे. एकाच मालाची लेबले दोन छापखान्यांकडे दिली आणि दोघांनीही १ पासून सुरुवात केली. म्हणून प्रत्येकाला आधीच क्रमांकांचा वेगळा पट्टा नेमून द्यावा, किंवा चिपच्या कारखान्यातून आलेल्या क्रमांकावरून अनुक्रमांक काढावा. कोणता क्रमांक कोणत्या चिपवर गेला, याची नोंदवही निर्यातदाराकडेच हवी. लिहून झाल्यावर कोणी क्रमांक बदलू नये म्हणून टॅगला पासवर्डचे कुलूप लावावे. पासवर्ड सगळी शून्ये ठेवला तर ते कुलूप नव्हे.

दुसरा घोळ वाचनांचा. ४० बॉक्स, प्रत्येकात २४ टॉवेल, म्हणजे ९६० नग. रीडर सेकंदाला ३०० वाचने करतो असे धरले आणि गाडी गोदामाच्या दारातल्या रीडरपाशी मिनिटभर रेंगाळली, तर १८,००० ओळी तयार होतात. त्या सगळ्या सर्व्हरवर साठवणारे आहेत. महिन्याभरात यंत्रणा मंदावते आणि दोष इंटरनेटला दिला जातो. दारापाशीच गाळणी लावावी. प्रत्येक टॅगमागे पहिली वेळ, शेवटची वेळ, अँटेना, कमाल सिग्नल आणि वाचनसंख्या ठेवली की पुरे. पुढे पाठवायची ती घटना : काय, कधी, कुठे, कशासाठी. वेळेसोबत जागतिक वेळेपासूनचा +०५:३० हा फरकही लिहावा आणि सगळ्या रीडरची घड्याळे एका सर्व्हरवरून जुळवावीत. नाहीतर माल पॅक होण्याआधीच रवाना झालेला दिसतो.

दाराजवळ रचून ठेवलेला मालही वाचला जातो, न हलता ‘बाहेर’ पडतो. अँटेनाची शक्ती कमी करणे, मध्ये धातूची जाळी लावणे हे उपाय आहेतच, पण पॅकिंग लिस्टशी ताळा घालण्याला पर्याय नाही. याच्या उलट, टॅग वाचला गेला नाही म्हणजे नग गायब, असे सॉफ्टवेअरला ठरवू देऊ नये. ओलसर टॉवेल लहरी शोषतो, धातू त्या परतवतो, आणि अंगाला अंग लावून बसलेले टॅग एकमेकांना झाकोळतात. न वाचलेला नग ‘तपासायचा’ या खात्यात जावा, ‘चोरीला’ या खात्यात नव्हे.

आणखी एक. आपल्याकडे रीडर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवर चालतात, अमेरिकेत ९०२ ते ९२८ वर. इथे छान वाचला गेलेला टॅग तिथेही तसाच वाचला जाईल, हे इथल्या चाचणीवरून ठरत नाही. दोन्ही पट्ट्यांवर चालणारा टॅग खरेदी करारातच लिहून घ्यावा.

निर्यातदार संघटनांनी यंत्रांच्या प्रदर्शनांबरोबर क्रमांक-व्यवस्थेचे दोन दिवसांचे वर्गही घ्यावेत. त्यात रद्द झालेल्या लेबलांचा विषय जरूर असावा : छापताना फाटलेल्या लेबलाचा अनुक्रमांक ‘वाया जाऊ नये’ म्हणून पुन्हा वापरला जातो आणि फाटलेले लेबल, चिपसकट, त्याच टेबलाखालच्या टोपलीत पडलेले असते. रीडर तेही वाचतो.

– एक वाचक, सोलापूर