नकाशातली 42 झाडं कुठे गेली? नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मंगळवारी सकाळी बिल्डरची दोन माणसं आमच्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीलगतची उरलेली सहा रोपं उपटून घेऊन गेली. मी धावत खाली पोचले तोवर पाच रोपं टेम्पोत पडली होती. सहावं, करंजाचं, मी हातातून ओढून घेतलं. मुळांवर नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी! दीड वर्षापूर्वी ती फाडायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. वीतभर माती, खाली तळघराचा स्लॅब. तिथे आता पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावणार आहेत.

इमारतीच्या मंजूर नकाशात त्या जागी तीन मीटरचा हरित पट्टा आहे, झाडं 42. माहिती अधिकारात ती प्रत मिळवायला मला पाच महिने लागले. भिंतीपलीकडे व्यापारी इमारतीचे दोन जनरेटर आणि हॉटेलचं धुराडं आहे, त्यांना आडोसा म्हणून तो पट्टा. तोच दाखवून ‘गार्डन फेसिंग’चे दीड लाख जास्तीचे घेतले. मी पीएफमधून काढून भरले.

माझी आई 76 वर्षांची, दम्याची. दुपारी तीननंतर ऊन थेट तिच्या पलंगावर येतं. खिडकी उघडावी तर डिझेलचा धूर, लावून घ्यावी तर खोलीची भट्टी. मे महिन्यात दिवसातून तीनदा नेब्युलायझर लावावा लागला. रोज विचारायची, “झाडं कधी मोठी होणार गं?” मी म्हणायची, होतील. मंगळवारपासून तिने विचारलेलं नाही.

पालिकेत चार खेपा घातल्या. उद्यान विभाग म्हणतो, दाखला दिला तेव्हा झाडं होती, फोटो आहेत. बांधकाम विभाग म्हणतो, भोगवटा (इमारत वापरायची परवानगी) दिला, आमचं काम संपलं. फोटोत 42 रोपं आहेत, खरंय. वॉचमनकाका सांगतात, पाहणी झाली त्याच संध्याकाळी निम्म्याहून जास्त दुसऱ्या साइटवर गेली. म्हणजे तीच रोपं किती इमारतींच्या फोटोंत उभी राहिली असतील? निदान पाच-सहा तरी, माझा अंदाज.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. 0.4 हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. रेराचं, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचं, कलम 14 सांगतं, दोन तृतीयांश सदनिकाधारकांच्या लेखी संमतीशिवाय मंजूर नकाशा बदलता येत नाही. आम्हाला एका ओळीनेही विचारलं नाही. मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर (पार्किंगच्या मजल्यांवरच्या स्लॅबवर) नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या खटल्यात 2013 सालीच सांगितलं. स्लॅबवरच्या वीतभर मातीत करंज वाढत नाही, हे कळायला तर न्यायालयही लागत नाही. राज्याच्या झाडं जपण्याच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या बदल्यात लावलेलं झाड 7 वर्षं जगवायचं बंधन आहे. मग नकाशातलं झाड भोगवट्याच्या दिवसापुरतंच का?

2019 साली राज्याने 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. खड्डे मोजले जातात, फलक लागतात, फोटो निघतात. पाच वर्षांनी तिथे जाऊन झाड मोजणारा माणूस आहे का तुमच्या यंत्रणेत? आम्ही कर भरतो, हप्ते भरतो, हेलपाटे घालतो, आणि तक्रार केली की आम्हालाच भांडखोर ठरवतात.

भोगवट्याच्या वेळी बिल्डरकडून झाडांसाठी अनामत घ्या. तीन वर्षांनी जागेवर येऊन मोजा, जगली असतील तरच परत करा. आडोशाचा पट्टा तळघरावर नको, खऱ्या जमिनीवर दाखवायला लावा. हे एका परिपत्रकाचं काम आहे, महोदय.

करंजाची पिशवी मी कात्रीने कापली. मुळं आतल्या आत गोल गोल गुंडाळली गेली होती. सध्या ते बाल्कनीत बादलीत आहे. पेव्हरची गाडी सोमवारी येणार आहे. त्याआधी काम थांबवायचा आदेश काढा.

आपली,
पश्चिमेच्या बाजूची एक सदनिकाधारक