सूचना : वायरलेस स्मोक डिटेक्टर बसवण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार,

धूर जाणवला की वाजणारे हे डिटेक्टर घरी आणले असतील तर घाईने छताला लावू नका. आधी सगळे टेबलावर शेजारी ठेवून एकमेकांशी वायरलेस जोडून घ्या, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतील. छताला लागल्यावर शिडीवर उभं राहून बटणं दाबणं त्रासाचं आणि धोक्याचंही असतं. जोडणीची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, माहितीपत्रक वाचाच. वेगवेगळ्या कंपन्यांचे डिटेक्टर सहसा एकमेकांशी बोलत नाहीत.

जागा : धूर वर चढतो, म्हणून छताच्या मध्याजवळ, भिंतीपासून किमान ३० सेंटीमीटर लांब. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक आणि त्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक. स्वयंपाकघर आणि बाथरूमपासून ३ मीटर दूर, नाहीतर फोडणीच्या धुराने, वाफेने वाजत राहील आणि वैतागून कोणीतरी बॅटरी काढून ठेवेल. तेच सगळ्यात वाईट. पंख्याच्या झोतातही नको.

बसवून झाल्यावर एकाचं टेस्ट बटण दाबा, बाकीचे सगळे वाजले पाहिजेत. काँक्रीटच्या जाड भिंतींमुळे सिग्नल अडतो; एखादा गप्प राहिला तर त्याची जागा बदला. दारं बंद करून, झोपायच्या जागेवरून आवाज ऐकून बघा. घरातल्या ज्येष्ठांना तो ऐकू येतो का, हे आवर्जून विचारा.

चाचणी दर महिन्याला. १० वर्षांनी संपूर्ण डिटेक्टर बदलायचा, नुसती बॅटरी नाही.